धुळ्यातील एक ड्रीमकास्ट : बाजारात हरलेल्या यंत्राचा प्रकरण अभ्यास

धुळ्यात आग्रा रोडपासून आत जाणाऱ्या एका गल्लीत माझ्या मामेभावाचे, म्हणजे आमच्या दादाचे, व्हिडिओ गेम पार्लर होते. दहा बाय बाराच्या त्या खोलीत कॅसेटवर चालणारी दोन नकली निन्टेन्डो यंत्रे होती, ज्यांना आम्ही नुसते ‘टीव्ही गेम’ म्हणत असू. त्यांच्याशिवाय सोनीचे एक प्लेस्टेशन, पुढे आलेले एक प्लेस्टेशन २ आणि सेगा या जपानी कंपनीचे एक ड्रीमकास्ट होते. पार्लर बंद झाले तेव्हा टीव्ही गेम भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेले आणि प्लेस्टेशन एका चुलत भावाला असेच देऊन टाकले. दुकानाचे भाडे ज्याने खऱ्या अर्थाने भरले ते प्लेस्टेशन २ शिरपूरच्या एका मुलाने विकत नेले. ड्रीमकास्टने मात्र दुकानाला सर्वांत कमी पैसे मिळवून दिले आणि तेच आजही दादाच्या कपाटात, स्वतःपेक्षा जड असलेल्या एका ट्रान्सफॉर्मरशेजारी, चालू स्थितीत आहे.

मी वाणिज्य शाखेत विपणन शिकवतो आणि हे प्रकरण गेली काही वर्षे वर्गात मांडत आलो आहे. सर्वांत कमी कमावणारे यंत्र सर्वांत जास्त का जपले गेले, असे विचारल्यावर पहिले उत्तर हमखास ‘बालपणीच्या आठवणी’ हे येते. ते अपुरे आहे, कारण आठवणी तर टीव्ही गेमच्याही होत्या आणि दुकानातील मुलांचे बालपण प्रामुख्याने त्यांच्यावरच गेले होते, तरी त्यांना भंगारात घालताना कोणाचा हात अडखळला नाही. शिवाय ही केवळ आमच्या घरातील गोष्ट असती तर तिचा अभ्यास करण्याचे कारण नव्हते. जगभरात ड्रीमकास्टच्या वाट्याला हेच दोन अनुभव आले: बाजारात त्याचा दणदणीत पराभव झाला आणि त्यानंतर पाव शतक लोक ते दुरुस्त करत, त्याच्यासाठी नवे खेळ लिहीत राहिले. हे दोन अनुभव परस्परविरोधी नाहीत आणि त्यांची कारणे बऱ्याच अंशी एकच आहेत, असे माझे म्हणणे आहे.

यंत्र

ड्रीमकास्ट जपानमध्ये २७ नोव्हेंबर १९९८ रोजी, अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ रोजी आणि युरोपात त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये विक्रीस आले. अमेरिकेत त्याची किंमत १९९ डॉलर होती. आत हिताचीचा २०० मेगाहर्ट्झचा एसएच-४ प्रोसेसर, एनईसीने बनवलेली पॉवरव्हीआर जातीची चित्रचिप आणि यामाहाची ध्वनिचिप होती. खेळ ‘जीडी-रॉम’ नावाच्या, साधारण एक गिगाबाइट क्षमतेच्या तबकडीवर येत. पुढच्या बाजूला चार रिमोट लावण्याची सोय होती. प्रत्येक रिमोटमध्ये एक छोटे साठवणयंत्र बसत असे, ज्याला स्वतःचा इवलासा पडदा होता आणि जे रिमोटमधून काढून खिशात टाकून वेगळे खेळता येई. त्याहून महत्त्वाचे म्हणजे यंत्राबरोबरच मोडेम येत होता. टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्या गावातील माणसाशी खेळता येईल ही कल्पना कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांच्या, धंद्यात पूर्वीही चाचपली गेली होती, पण पेटीतच मोडेम घालून ती सर्वांच्या हाती देण्याची हिंमत सेगाने दाखवली.

अमेरिकेत पहिल्या चोवीस तासांत सव्वादोन लाखांवर यंत्रे खपली आणि यंत्रे व खेळ मिळून सुमारे ९.८ कोटी डॉलरची विक्री झाली. सुरुवात इतकी चांगली झालेले यंत्र दीड वर्षात बंद का पडावे, याचे उत्तर यंत्राच्या पेटीत शोधून सापडत नाही. ते त्याआधीच्या पाच-सहा वर्षांत आहे.

पत

खान्देशात खेडा खरेदीला येणारा कापसाचा व्यापारी एका हंगामात ठरलेल्या भावावरून फिरला, तर पुढच्या हंगामात तो दोन रुपये जास्त देतो म्हणाला तरी लोक त्याचा काटा अंगणात लावू देत नाहीत. त्याचा नवा भाव खोटा असतोच असे नाही, परंतु तो खरा आहे की नाही हे तपासण्याची जोखीम घ्यायची कोणाची तयारी नसते. सेगाच्या बाबतीत नेमके हे घडले. विद्यार्थ्यांनी हा भाग सावकाश वाचावा असा माझा आग्रह असतो, कारण प्रोसेसर आणि चिप यांच्या चर्चेत तो हरवून जातो.

सेगाचे मेगा ड्राइव्ह हे यंत्र जगभर सुमारे तीन कोटी खपले होते. त्या यशानंतर कंपनीने त्याला जोडायचे सीडीचे उपकरण आणले आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत ‘३२एक्स’ नावाचे आणखी एक जोड-उपकरण आणले. गंमत अशी की त्याच नोव्हेंबर महिन्यात जपानमध्ये सेगाचेच संपूर्ण नवे यंत्र, सॅटर्न, दुकानांत आले. म्हणजे ज्या ग्राहकाने ३२एक्ससाठी पैसे मोजले त्याच्या हातातील वस्तू पेटीतून काढण्याआधीच जुनी झाली होती आणि ती जुनी करणारी कंपनीही तीच होती. त्यासाठी खेळ लिहिणाऱ्यांनी अर्थातच पाठ फिरवली.

पुढची चूक याहून मोठी होती. सॅटर्न अमेरिकेत सप्टेंबर १९९५ मध्ये येणार असे जाहीर झाले होते. ११ मे १९९५ रोजी लॉस एंजलिसच्या व्यापारी प्रदर्शनात सेगाने अचानक सांगितले की यंत्र आजच निवडक दुकानांत पोहोचले आहे आणि त्याची किंमत ३९९ डॉलर आहे. त्याच प्रदर्शनात सोनीने प्लेस्टेशनची किंमत २९९ डॉलर सांगितली. ज्या दुकानदारांना माल मिळालाच नाही ते संतापले आणि त्यांपैकी केबी टॉइज या मोठ्या खेळणी-विक्रेत्याने सेगाचा माल ठेवणेच सोडले. खेळ लिहिणाऱ्या कंपन्या सप्टेंबरचे वेळापत्रक धरून काम करत होत्या, त्यामुळे मे महिन्यात यंत्र होते पण त्यावर खेळायला फारसे काही नव्हते. स्पर्धकाला चार महिन्यांनी मागे टाकण्याच्या नादात सेगाने दुकानदार, लेखक-कंपन्या आणि ग्राहक या तिघांनाही एकाच दिवशी दुखावले. १९९७ मध्ये तर सेगाच्या अमेरिकेतील प्रमुखांनी सॅटर्न हे आपले भविष्य नसल्याचे उघडपणे सांगून टाकले. हे विधान प्रामाणिक होते, पण ज्यांच्या कपाटात न खपलेली सॅटर्न पडून होती त्यांनी ते कसे ऐकले असेल याची कल्पना करता येते.

ड्रीमकास्ट आले तेव्हा ही सगळी उधारी त्याच्या नावावर चढलेली होती. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए, ही क्रीडा-खेळांतील सर्वांत बलाढ्य कंपनी. तिने ड्रीमकास्टसाठी एकही खेळ केला नाही. सेगाने व्हिज्युअल कॉन्सेप्ट्स हा स्टुडिओ विकत घेऊन स्वतःचे अमेरिकी फुटबॉल आणि बास्केटबॉलचे खेळ काढले आणि ते उत्तम होते. परंतु अमेरिकेतील ग्राहकाला ईएच्या फुटबॉलच्या खेळाचे ‘मॅडन’ हे नाव हवे होते आणि ते या यंत्रावर मिळणार नव्हते.

न आलेल्या यंत्राशी स्पर्धा

मार्च १९९९ मध्ये, म्हणजे ड्रीमकास्ट अमेरिकेत पोहोचण्याच्याही सहा महिने आधी, सोनीने प्लेस्टेशन २ ची घोषणा केली. ते जपानमध्ये ४ मार्च २००० रोजी आणि अमेरिकेत २६ ऑक्टोबर २००० रोजी २९९ डॉलरला आले. मधल्या काळात ड्रीमकास्टची तुलना दुकानातील कोणत्याही यंत्राशी होत नव्हती, ती जाहिरातीतील आकड्यांशी होत होती आणि जाहिरातीतील यंत्रात दोष नसतात. प्लेस्टेशन २ मध्ये डीव्हीडी चालणार होती. जपानमध्ये त्या वेळी वेगळा डीव्हीडी प्लेअर घेण्याऐवजी प्लेस्टेशन २ घेणे घरातील वडीलधाऱ्यांनाही पटवता येत होते, तर ड्रीमकास्ट घ्यायचे म्हणजे निव्वळ खेळणे घ्यायचे होते. शिवाय प्लेस्टेशन २ वर जुन्या प्लेस्टेशनचे खेळही चालणार होते, म्हणजे ज्याच्याकडे जुने यंत्र होते त्याचा एकही रुपया वाया जाणार नव्हता. सेगाने सॅटर्न आणि ड्रीमकास्टच्या ग्राहकाला जे दिले नव्हते ते सोनीने न मागता दिले.

जपानमधील सुरुवात तर पहिल्याच दिवसापासून लंगडी होती. एनईसीकडून चित्रचिप पुरेशा संख्येने मिळाल्या नाहीत, त्यामुळे ज्यांना यंत्र हवे होते त्यांनाही ते मिळाले नाही आणि पहिल्या दिवशी अवघे चार खेळ उपलब्ध होते. सॉनिक या सेगाच्या सर्वांत प्रसिद्ध पात्राचा नवा खेळ डिसेंबरच्या अखेरीस आला. मागणी असताना माल नसणे आणि माल आला तेव्हा मागणी उतरलेली असणे हे शेतमालाच्या बाजारात आपल्याला नवे नाही.

कन्सोलच्या धंद्याचे गणित असे असते की यंत्र तोट्यात किंवा जेमतेम किमतीला विकायचे आणि पैसा खेळांच्या विक्रीतून, इतरांच्या खेळांवरील हक्कशुल्कातून काढायचा. हे गणित जुळण्यासाठी काही कोटी घरांत यंत्र पोहोचावे लागते आणि तोवर तोटा सोसण्याइतका पैसा गाठीशी असावा लागतो. सोनीच्या पाठीशी टीव्ही, संगीत आणि चित्रपट यांचा व्यवसाय होता. सेगाकडे सॅटर्नने रिकामी केलेली तिजोरी होती. २००० च्या उत्तरार्धात अमेरिकेतील किंमत १४९ डॉलरवर आणली गेली, म्हणजे प्रत्येक विक्रीमागचा खड्डा आणखी खोल झाला. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने जाहीर केले की मार्चअखेर उत्पादन थांबेल आणि यापुढे कंपनी केवळ खेळ तयार करेल, तेही पूर्वीच्या स्पर्धकांच्या यंत्रांसाठी. सेगाचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी स्वतःच्या मालकीचे सुमारे ८५ अब्ज येन किमतीचे शेअर कंपनीला देऊन ती वाचवली आणि १६ मार्च २००१ रोजी त्यांचे निधन झाले. एकूण ९१ लाख ३० हजार ड्रीमकास्ट खपली. प्लेस्टेशन २ चा एकूण खप पुढे १५ कोटींच्या पलीकडे गेला.

धुळ्यातील बाजार

दादाने आपले ड्रीमकास्ट २००१ च्या उन्हाळ्यात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले. रातराणीने जाऊन दुसऱ्या रात्रीच्या रातराणीने परत, अशी ती खरेदी होती. तो खरे तर दुसरे प्लेस्टेशन आणायला गेला होता, पण दुकानदाराने त्याच्या जवळपास निम्म्या पैशात हे नवे कोरे यंत्र दाखवले आणि चित्र प्रत्यक्ष पाहिल्यावर दादाला मोह आवरला नाही. यंत्र स्वस्त का आहे हे त्याने विचारले नाही. विचारले असते तरी उत्पादन थांबल्याची बातमी त्या दुकानदाराने सांगितली असती असे वाटत नाही.

यंत्र जपानी बाजारासाठीचे, म्हणजे १०० व्होल्टवर चालणारे होते आणि आपल्या भिंतीत २३० व्होल्ट येतात. पाचकंदीलच्या बाजूला शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंडिंग करणारे एक काका होते. त्यांनी दोन दिवसांत जुन्या पट्ट्यांवर तार गुंडाळून एक ट्रान्सफॉर्मर करून दिला, जो आजही गुणगुणतो आणि आजही चालतो. दुसरी अडचण चित्राची होती. जपानी यंत्राचे चित्र एनटीएससी पद्धतीचे असल्याने आमच्या जुन्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर ते काळे-पांढरे दिसू लागले. त्यावर उपाय सापडला तो यंत्राच्याच एका गुणामुळे: ड्रीमकास्टचे चित्र एका छोट्या जोडपेटीतून थेट संगणकाच्या मॉनिटरला देता येत असे. एका बंद पडलेल्या सायबर कॅफेचा मॉनिटर दादाने आणला आणि त्यावर जे चित्र उमटले तसे स्वच्छ चित्र दुकानातील दुसऱ्या कोणत्याही यंत्राने शेवटपर्यंत दिले नाही. चालू करताच पडद्यावर येणाऱ्या केशरी वेटोळ्यामुळे मुलांनी त्याचे नाव ‘जिलबीवाली मशीन’ ठेवले.

इतके असून ते चालले नाही. तासाचे पैसे हातात घेऊन येणाऱ्या मुलाला ठरावीक गोष्टी हव्या होत्या: कुस्ती, ‘टेकन ३’ आणि सर्वांत आधी क्रिकेट. ईएचा क्रिकेटचा खेळ प्लेस्टेशनवर आणि संगणकावर होता, ड्रीमकास्टवर नव्हता. अमेरिकेत ज्या कंपनीच्या अनुपस्थितीने फुटबॉलचा ग्राहक गेला तिच्याच अनुपस्थितीने धुळ्यात क्रिकेटचा ग्राहक गेला, आणि कॅलिफोर्नियातील एका बैठकीत झालेल्या निर्णयाचा फटका आग्रा रोडजवळच्या गल्लीला बसला, हे मला या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखे निरीक्षण वाटते. दादाने ड्रीमकास्टचा दर कमी करून पाहिला. त्याने झाले एवढेच की मुलांना ते हलके वाटू लागले. ‘मशीन चांगलं शे रे भो, टाइम खराब व्हता,’ असे दादा अजूनही म्हणतो, आणि सेगाच्या ताळेबंदावरील माझ्या दोन तासांच्या व्याख्यानात याहून फार वेगळे काही नसते.

मोडेमचा तर प्रश्नच आला नाही. दुकानात फोन नव्हता, तो समोरच्या किराणा दुकानात होता.

चोरवाट

आता त्या बाबीकडे यावे लागेल जिच्याविषयी वर्गात बोलताना मी थोडा अवघडतो. आमच्याकडील बहुतेक सीडी कॉपी होत्या. सेगाने जीडी-रॉम ही वेगळी तबकडी मुद्दाम निवडली होती, कारण ती घरच्या संगणकावर वाचता किंवा लिहिता येत नव्हती. परंतु त्याच यंत्रात ‘मिल-सीडी’ नावाची आणखी एक सोय होती. गाण्याच्या सीडीवर थोडी चित्रे आणि मेन्यू घालता यावेत म्हणून ती दिली होती आणि त्या प्रकारच्या मोजक्याच तबकड्या प्रत्यक्षात निघाल्या. या सोयीमुळे साध्या सीडीवरूनही यंत्र सुरू होऊ शकते हे काहींनी ओळखले आणि २००० च्या मध्यास यंत्राला हातही न लावता कॉपी चालवण्याची पद्धत जगभर पसरली. एक गिगाबाइटचा खेळ सातशे मेगाबाइटच्या सीडीत बसवण्यासाठी त्यातील चित्रफिती आणि संगीत दाबून लहान केले जाई, त्यामुळे आमच्या दुकानातील कित्येक खेळांची गाणी विहिरीतून आल्यासारखी ऐकू येत. शेवटच्या टप्प्यातील यंत्रांतून सेगाने ही सोय काढून टाकली.

ड्रीमकास्ट कॉपीमुळे बुडाले असे अनेकदा सांगितले जाते. मला ते पटत नाही. ही वाट उघडली तेव्हा प्लेस्टेशन २ जपानमध्ये आलेले होते, ईए दूरच राहिली होती, सेगाचा तोटा वर्षानुवर्षांचा होता, आणि शिवाय पहिल्या प्लेस्टेशनवर कॉपीचा सुळसुळाट याहून कमी नव्हता, तरी ते यंत्र दहा कोटींवर खपले. कॉपीने आजाऱ्याचा ताप वाढवला, आजार आधीचा होता.

मात्र याच वाटेचा दुसरा परिणाम विक्रीच्या तक्त्यात कधी दिसला नाही. जी फट चोराला आत येऊ देते ती हौशी कारागिरालाही येऊ देते. सेगाच्या परवानगीविना, महागड्या विकासयंत्राविना, घरच्या संगणकावर लिहिलेला खेळ साध्या सीडीवर उतरवून ड्रीमकास्टवर चालवता येतो हे कळल्यावर हौशी आणि छोटे व्यावसायिक त्याच्यासाठी लिहू लागले आणि ते अजून थांबलेले नाहीत. जपानमध्ये अधिकृत परवान्याचा शेवटचा खेळ, ‘कारूस’, मार्च २००७ मध्ये आला, म्हणजे यंत्राचे उत्पादन थांबल्यावर सहा वर्षांनी. त्यानंतर विनापरवाना पण दुकानात मांडण्याजोगे नवे खेळ येत राहिले, २०१३ चा ‘स्टर्मविंड’ हे त्यांतील एक ठळक नाव. ज्या यंत्रांची दारे पक्की बंद होती त्यांना मालकाने सोडल्यावर असा आसरा सहज मिळाला नाही.

जपणूक

हरलेले प्रत्येक यंत्र लाडके होत नाही, हे येथे स्पष्ट करायला हवे. सेगाचेच ३२एक्स हरले आणि त्याच्याविषयी संग्राहकांच्या कुतूहलापलीकडे फारसे काही उरले नाही. निन्टेन्डोचे १९९५ चे व्हर्च्युअल बॉय डोळ्यांना लावून लाल-काळे चित्र पाहायचे यंत्र होते, मानेला आणि डोळ्यांना त्रास देणारे. तेही हरले आणि आज ते विनोदाचा विषय आहे. सॅटर्न ९२ लाख ६० हजार खपले, म्हणजे ड्रीमकास्टपेक्षा किंचित जास्तच. त्याचे चाहते आहेत, परंतु त्यावर हौसेने नवे काही लिहू पाहणाऱ्याला दोन प्रोसेसरची गुंतागुंत प्रथम ओलांडावी लागते.

फरक असा आहे की ड्रीमकास्टची हार ज्या ठिकाणी झाली ती जागा खेळणाऱ्याच्या हातापासून दूर होती. कंपनीची पत, बँकेतील शिल्लक, दुकानदाराचा राग, डीव्हीडीची सोय यांपैकी काहीही रिमोट हातात घेतल्यावर जाणवत नाही. हातात येतो तो खेळ, आणि तो चांगला होता. सेगाने आपल्या आर्केड यंत्रांसाठी ‘नाओमी’ नावाचे जे अंतर्भाग वापरले त्यांची रचना ड्रीमकास्टसारखीच होती, त्यामुळे नाणे टाकून खेळायचे खेळ घरी जवळजवळ जसेच्या तसे उतरले. ‘क्रेझी टॅक्सी’ हा त्यांतील आमच्या दुकानातला एकमेव खेळ ज्याला पैसे देऊन रांग लागे. तीन मिनिटांत हरणे, हसणे आणि पुन्हा सुरू करणे हे पार्लरच्या स्वभावाला मानवणारे होते.

दुसरे असे की पैसे संपत आलेल्या कंपनीने या यंत्रावर भीती न बाळगता खेळ काढले. ‘जेट सेट रेडिओ’ने चित्रकथेसारख्या जाड रेषांचे त्रिमित जग रंगवले, ‘सीमन’मध्ये माणसाचा चेहरा असलेल्या माशाशी मायक्रोफोनमधून बोलायचे होते, ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ने २००० च्या डिसेंबरमध्ये निरनिराळ्या भाषांच्या लोकांना टेलिफोनवरून एका गटात खेळायला लावले, आणि सेगाचे खेळ-रचनाकार यू सुझुकी यांच्या ‘शेनमू’मध्ये योकोसुका या गावातील दुकाने ठरल्या वेळी उघडत व बंद होत. शेनमूवर त्या काळी अभूतपूर्व खर्च झाला आणि धंद्याच्या दृष्टीने तो वेडेपणाच होता. पण २०१५ मध्ये त्याच्या तिसऱ्या भागासाठी लोकांनी वर्गणी काढून ६३ लाख डॉलरवर रक्कम उभी केली, याची नोंद वहीच्या दुसऱ्या पानावर करावी लागते. यश हाती असलेली कंपनी यशाची पुनरावृत्ती करते. सेगाला पुनरावृत्ती करण्याजोगे काही उरले नव्हते.

आणि तिसरे कारण आयुष्याच्या लांबीचे आहे. प्रत्येक चालणाऱ्या यंत्राच्या अखेरच्या वर्षांत घाईने काढलेल्या, चित्रपटांच्या नावावर खपवलेल्या खेळांचा ढीग साचतो. ड्रीमकास्टला ती वर्षे लाभलीच नाहीत. त्याच्या खेळांची यादी लहान राहिली आणि तिच्यात चांगल्याचे प्रमाण मोठे राहिले. शेवटी शेवटी ते कवडीमोल भावात विकले गेले तेव्हा ते अशा मुलांच्या हाती पडले ज्यांना नवे यंत्र परवडत नव्हते. आमच्या दादाकडे ते त्याच वाटेने आले.

जपण्यासाठी दुरुस्ती व्हावी लागते आणि येथेही यंत्राने साथ दिली. चार पेच काढले की ते उघडते. वीजपुरवठ्याची पट्टी मुख्य पट्टीवर सहा पिनांवर बसते, त्या पिना काळवंडल्या की यंत्र खेळता खेळता आपोआप पुन्हा सुरू होते, आणि स्पिरिटने पुसल्या की गप्प बसते. रिमोट चालू यंत्रातून उपटला तर एक बारीक फ्यूज जाऊन चारही रिमोट एकदम मरतात. आमच्याकडे हे दोनदा झाले आणि दोन्ही वेळा काही रुपयांत भागले. धुळ्याच्या धुळीत आणि मे महिन्याच्या उन्हात आधी थकले ते लेन्स. अलीकडे तबकडीच्या जागी मेमरी कार्ड लावणारे जीडीईएमयू नावाचे उपकरण मिळते, ते दादाने बसवले आहे, आणि आता तबकडीची ती घरघर ऐकू येत नाही म्हणून दादाची थोडी तक्रारही आहे. जुन्या मोडेमला रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाच्या साह्याने आजच्या इंटरनेटशी जोडून देणारी ड्रीमपाय ही सोयही हौशी लोकांनीच केली. ज्या मोडेमला आमच्या गल्लीत कधी तार मिळाली नाही त्याच्यासाठी मी ती मागवण्याच्या विचारात आहे.

रिमोटमधील त्या छोट्या साठवणयंत्राची बटणासारखी बॅटरी संपली की यंत्र चालू करताच एक लांब, कर्कश पीं ऐकू येते. दादा ती बॅटरी बदलत नाही. सुट्टीत पुण्या-नाशकाहून आलेली, आता चाळिशीकडे झुकलेली मुले तो आवाज ऐकून आतल्या खोलीतून बाहेर येतात. यंत्राच्या आत घड्याळासाठी आणखी एक बॅटरी डाग देऊन बसवलेली आहे आणि तीही केव्हाच मेली आहे. त्यामुळे लाइट गेली आणि आली की यंत्र तारीख विचारते आणि स्वतःहून २७ नोव्हेंबर १९९८ दाखवते. मागच्या दिवाळीत माझ्या पुतण्याने ती बदलून आजची तारीख घालायला घेतली, तेवढ्यात क्रेझी टॅक्सीसाठी ताटकळलेल्या चौघांनी त्याच्या हातातून रिमोट काढून घेतला.